राष्ट्रप्रमुखाचा धर्म आणि पदाला चिकटलेली अट

आमच्या आष्टीत (बीडचे किंवा वर्ध्याचे नव्हे, जालना जिल्ह्यातील परतूर तालुक्याचे आष्टी) रविवारी वंदना झाली की तरुण मुले-मुली थोडा वेळ विहारात थांबतात. बरेच जण स्पर्धा परीक्षांची तयारी करणारे. त्यामुळे बोलणे चालू घडामोडींवर जाते. अशाच एका रविवारी एकाने मोबाईलवर २० जानेवारी २०२५ चा व्हिडिओ दाखवला. डोनाल्ड ट्रम्प राष्ट्राध्यक्षपदाची शपथ घेत होते. शेजारी त्यांच्या पत्नी बायबल घेऊन उभ्या होत्या, पण ट्रम्प यांचा हात बायबलवर नव्हता. "मग ही शपथ चालते का?" असा पहिला प्रश्न आला.

दुसरा लगेच आला. "अमेरिकेसारख्या देशात बायबल घेऊन शपथ होते. मग आपल्या मुख्यमंत्र्यांनी पंढरपूरला पूजा केली तर आपण कशाला बोलायचे?" तिसरा प्रश्न मागे बसलेल्या एका मुलीने विचारला. "राष्ट्रपती कोविंद दीक्षाभूमीवर आले तेव्हा आपण सगळ्यांनी फोटो फिरवले. तेव्हा कोणी धर्मनिरपेक्षतेचा विषय काढला नाही. असे का?"

पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे आम्ही तिथेच दिली. तिसऱ्याला मात्र अडखळलो. त्या उत्तरासाठी हा लेख.

अमेरिकेच्या शपथेत देव नाही

अमेरिकेच्या संविधानाने राष्ट्राध्यक्षाच्या शपथेचा मजकूर शब्दशः दिला आहे. मूळ इंग्रजीत तो अवघा ३५ शब्दांचा आहे. त्यात ना देवाचे नाव आहे ना बायबलचा उल्लेख. 'शपथ घेतो' किंवा 'प्रतिज्ञा करतो' यांतून निवड करण्याची मोकळीकही आहे. बायबलवर हात ठेवणे आणि शेवटी देवाची मदत मागणे ही प्रथा आहे, कायदा नाही. म्हणून ट्रम्प यांची शपथ वैध ठरते. १८२५ मध्ये जॉन क्विन्सी ॲडम्स यांनी कायद्याच्या ग्रंथावर शपथ घेतली. १८५३ मध्ये फ्रँकलिन पियर्स यांनी 'शपथ' हा शब्दच टाळून प्रतिज्ञा केली. १९०१ मध्ये थिओडोर रूझवेल्ट यांच्या पहिल्या शपथेच्या वेळी बायबल नव्हते.

त्याच संविधानाच्या सहाव्या कलमात त्याहून महत्त्वाची ओळ आहे. देशातल्या कोणत्याही सार्वजनिक पदासाठी धर्माची अट कधीही घातली जाणार नाही, असा त्या ओळीचा आशय. १७८७ मध्ये लिहिलेली ही ओळ लक्षात ठेवा. हा सगळा लेख तिच्याभोवतीच फिरणार आहे.

कागदावर अट नाही. व्यवहारात काय घडले? आजवरचे सगळे राष्ट्राध्यक्ष ख्रिश्चन घरांतून आले. त्यांतले जवळपास सगळे प्रोटेस्टंट परंपरेचे. पहिला कॅथलिक राष्ट्राध्यक्ष यायला १९६० ची निवडणूक उजाडली. ज्यू, मुस्लिम, बौद्ध किंवा उघडपणे नास्तिक म्हणवणारा एकही नाही. कायद्याने नाकारलेली अट समाजाने पाळली. अशा अटीला आपण 'न लिहिलेली अट' म्हणू.

भाविक की नास्तिक, यावरून न्याय कळत नाही

आपल्याकडचे तरुण कधी कधी असे मानतात की नेता बुद्धिवादी असला म्हणजे तो आपला. थॉमस जेफरसन यांचे उदाहरण घ्या. १८०० च्या निवडणुकीत विरोधकांनी त्यांना नास्तिक म्हणून बदनाम केले. त्यांनी बायबलमधले चमत्काराचे भाग वगळून येशूची नीतिवचने तेवढी कापून वेगळ्या वहीत चिकटवली होती. राज्य आणि चर्च यांच्यामध्ये भिंत असावी, ही प्रसिद्ध उपमा त्यांनी १ जानेवारी १८०२ च्या पत्रात वापरली. इतका चिकित्सक माणूस. पण आयुष्यभरात सहाशेहून अधिक माणसे त्यांच्या मालकीची गुलाम होती. चमत्कार नाकारणारी बुद्धी माणसाची मालकी नाकारू शकली नाही.

अब्राहम लिंकन कोणत्याही चर्चचे सभासद झाले नाहीत. तरी त्यांच्या भाषणांत बायबल ओतप्रोत आहे. ४ मार्च १८६५ च्या भाषणात त्यांनी एक कडवे सत्य सांगितले. गुलामगिरी टिकवणारे आणि ती मोडणारे, दोघेही तेच बायबल वाचतात आणि त्याच देवाची प्रार्थना करतात. म्हणजे ग्रंथ एकच, बाजू दोन.

जिमी कार्टर मनापासून धार्मिक होते. राष्ट्राध्यक्षपद सोडल्यानंतरही अनेक दशके ते आपल्या गावच्या चर्चमध्ये रविवारी शिकवत. पण स्त्रियांना दुय्यम स्थान देणारी भूमिका त्यांच्या पंथाच्या मोठ्या संघटनेने घेतली तेव्हा २००० साली त्यांनी त्या संघटनेशी असलेले आयुष्यभराचे नाते तोडले.

चिकित्सक जेफरसन गुलाम बाळगतो आणि श्रद्धाळू कार्टर स्त्रियांच्या समतेसाठी स्वतःच्या पंथाशी भांडतो. तेव्हा नेत्याच्या देवघरात डोकावून त्याचा न्याय कळत नाही.

धर्म विचारला जातो तो कोणाला?

जॉन केनेडी कॅथलिक. १९६० मध्ये प्रचार चालू होता की हा माणूस निवडून आला तर देश रोमच्या पोपच्या आज्ञेवर चालेल. १२ सप्टेंबर १९६० रोजी केनेडींना ह्यूस्टनमध्ये प्रोटेस्टंट धर्मगुरूंसमोर उभे राहून सांगावे लागले की पदावर असताना निर्णय आपण घेऊ, आपले चर्च नव्हे. त्यांच्या प्रतिस्पर्ध्याला असा खुलासा मागितला गेला नाही.

बराक ओबामा ख्रिश्चन असूनही ते छुपे मुस्लिम असल्याची अफवा वर्षानुवर्षे चालली. २००८ मध्ये माजी परराष्ट्रमंत्री कॉलिन पॉवेल यांनी दूरचित्रवाणीवर तिला नेमके उत्तर दिले. ते ख्रिश्चन आहेत हे खरे, पण समजा मुस्लिम असते, तर या देशात त्यात चूक काय?

हा अनुभव आपल्याला नवा नाही. १४ मे २०२५ रोजी अमरावतीचे न्यायमूर्ती भूषण गवई सरन्यायाधीश झाले. या पदावरचे ते पहिले बौद्ध. खजुराहोच्या विष्णुमूर्तीच्या प्रकरणातल्या त्यांच्या तोंडी शेऱ्यावरून त्याच वर्षी वादळ उठले. आपण सर्व धर्मांचा आदर करतो, असा खुलासा त्यांना भर न्यायालयात करावा लागला. ६ ऑक्टोबरला एका वकिलाने त्यांच्या दिशेने बूट फेकण्याचा प्रयत्न केला. त्यांच्या आधीच्या सरन्यायाधीशांकडे त्यांच्या धर्माचे प्रमाणपत्र कोणी मागितले नव्हते. बहुसंख्याकाचा धर्म 'सर्वसाधारण' मानला जातो आणि अल्पसंख्याकाचा धर्म 'संशयास्पद'. न लिहिलेली अट ती हीच.

आपल्या संविधानाने काय केले?

१७ ऑक्टोबर १९४९. संविधान सभेत उद्देशिकेवर चर्चा होती. एच. व्ही. कामत यांनी सुचवले की उद्देशिकेची सुरुवात 'ईश्वराच्या नावाने' अशी व्हावी. एका सदस्याने तर ईश्वरच का, देवी का नको, असेही विचारले. हृदयनाथ कुंझरू यांच्यासारख्यांनी आक्षेप घेतला की श्रद्धा ही ज्याच्या त्याच्या मनाची बाब आहे, ती सर्वांवर लादता येणार नाही. मतदान झाले. बाजूने ४१, विरोधात ६८. देव उद्देशिकेबाहेर राहिला आणि 'आम्ही भारताचे लोक' पहिल्या जागी आले. गंमत म्हणजे सभेचे अध्यक्ष होते डॉ. राजेंद्र प्रसाद, वैयक्तिक आयुष्यात अत्यंत धार्मिक.

राष्ट्रपतिपदाच्या पात्रतेत, म्हणजे अनुच्छेद ५८ मध्ये, धर्माची अट नाही. अनुच्छेद ६० मधल्या शपथेत दोन पर्याय आहेत. 'ईश्वरसाक्ष शपथ' किंवा 'गांभीर्यपूर्वक प्रतिज्ञा'. ज्याला ईश्वर मान्य नाही त्यालाही मानाने उभे राहता येईल अशी जागा तिथे आहे. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या आपल्या आमदार-खासदारांनी दुसरा पर्याय निवडला की काही लोक भुवया उंचावतात. त्यांना सांगा, हा हट्ट नाही, हा संविधानातलाच पर्याय आहे.

पहिले दोन राष्ट्रपती

११ मे १९५१ रोजी राजेंद्र प्रसाद सोमनाथच्या नव्या मंदिरातल्या सोहळ्याला गेले. पंतप्रधान नेहरूंनी जाऊ नये असे सुचवले होते. प्रसादांची बाजू अशी होती की मशिदीने किंवा चर्चने बोलावले असते तरी आपण गेलो असतो. या युक्तिवादात तथ्य आहे, हे मान्य करू.

पण पन्नासच्या दशकाच्या सुरुवातीला ते काशीला गेले आणि तिथे त्यांनी ब्राह्मणांचे पाय धुतले. डॉ. राममनोहर लोहियांनी दोनशे ब्राह्मणांचे पाय धुतल्याचा उल्लेख करून त्यावर जळजळीत लेख लिहिला. केवळ जन्माने ब्राह्मण म्हणून कोणाचे पाय धुतले जातात, तेव्हा केवळ जन्माने दुसरा कोणीतरी तुच्छ ठरतो, हा त्यांचा मुद्दा होता. सोमनाथची भेट आणि काशीचे पाय धुणे यांतला फरक नीट पाहा. पहिल्यात राष्ट्रपती एका धर्मस्थळी गेले. दुसऱ्यात राष्ट्रपतिपद एका जातीपुढे वाकले आणि संविधानाने समान ठरवलेली बाकीची माणसे आपोआप खाली ढकलली गेली.

त्याच १९५१ च्या सप्टेंबरात हिंदू कोड बिल संसदेत अडले होते. प्रसादांचा त्याला विरोध होता. हे विधेयक आपल्यासमोर आले तर आपण स्वतःच्या विवेकाने निर्णय घेऊ, असे त्यांनी नेहरूंना लिहून कळवले. राष्ट्रपती मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने बांधलेले आहेत, असा सल्ला महान्यायवादी सेटलवाड यांनी दिला. विधेयक मागे पडले आणि २७ सप्टेंबर १९५१ रोजी बाबासाहेबांनी कायदेमंत्रिपदाचा राजीनामा दिला. पुढे १९५५-५६ मध्ये तेच कायदे तुकड्यांनी मंजूर झाले तेव्हा त्यांवर सही कोणाची होती? राजेंद्र प्रसादांचीच. माणसाची श्रद्धा बदलली नव्हती. संविधानाने पदाला शिस्त लावली होती.

दुसरे राष्ट्रपती डॉ. राधाकृष्णन वेदान्ताचे मोठे भाष्यकार. धम्मपदाचे त्यांनी इंग्रजी भाषांतर केले. १९५६ मध्ये, उपराष्ट्रपती असताना, २५०० व्या बुद्धजयंतीच्या समितीचे अध्यक्ष तेच होते. त्या निमित्ताने पु. वि. बापट यांनी संपादित केलेल्या ग्रंथाला त्यांनी प्रस्तावना लिहिली आणि तीत मांडले की बुद्धांनी नवा धर्म काढला नाही, ते हिंदू म्हणूनच जन्मले आणि हिंदू म्हणूनच गेले. त्याच वर्षी १४ ऑक्टोबरला नागपुरात बाबासाहेबांनी दिलेल्या प्रतिज्ञांपैकी पाचवी आठवा. बुद्ध हा विष्णूचा अवतार आहे, हे त्यात खोटे ठरवले आहे. दीक्षेच्या बरोबर महिनाभर आधी, १४ सप्टेंबरला, बाबासाहेबांनी नेहरूंना पत्र लिहून 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या आपल्या इंग्रजी ग्रंथाच्या ५०० प्रती सरकारने घ्याव्यात अशी विनंती केली होती. जयंतीसाठी राखलेला पैसा संपल्याचे उत्तर आले आणि पत्र राधाकृष्णन यांच्याकडे पाठवले गेले. बुद्धाचा उत्सव सरकारी आणि बुद्धाचा अर्थही सरकारी. बुद्धाविषयीचा आदर आणि बौद्धांविषयीचा न्याय या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

पुढचे राष्ट्रपती

झाकीर हुसेन, फक्रुद्दीन अली अहमद आणि अब्दुल कलाम हे तीन मुस्लिम राष्ट्रपती झाले. कलाम गीता वाचतात आणि वीणा वाजवतात याचे किती कौतुक झाले! कौतुक जरूर व्हावे. पण ज्याला गीता वाचायची नाही असा मुस्लिमही तितकाच भारतीय आहे, हे त्या कौतुकात हरवले.

ग्यानी झैलसिंग यांची गोष्ट वेदनादायक आहे. जून १९८४ मध्ये सुवर्णमंदिरात लष्करी कारवाई झाली तेव्हा सेनादलांचे सर्वोच्च सेनापती म्हणून नाव एका शीख राष्ट्रपतीचे होते. निर्णय मंत्रिमंडळाचा, पण शीख धर्मपीठाने त्यांना 'तनखैया', म्हणजे धर्मदृष्ट्या दोषी, ठरवले. त्यांना खुलासा द्यावा लागला. पदावर आपला माणूस बसला म्हणजे निर्णय आपल्या हातात आला, असे मानणाऱ्या प्रत्येक समाजाने ही घटना अभ्यासावी.

जळगाव जिल्ह्याच्या प्रतिभाताई पाटील २५ जुलै २००७ रोजी पहिल्या महिला राष्ट्रपती झाल्या. निवडणुकीच्या तोंडावर माउंट अबू इथल्या ब्रह्माकुमारींच्या केंद्रात त्यांनी केलेले वक्तव्य गाजले. १९६९ मध्ये वारलेल्या दादा लेखराज यांच्याकडून माध्यमाद्वारे मोठ्या जबाबदारीचा संकेत मिळाल्याचे त्यांनी सांगितले होते. अशा श्रद्धेवर टीका करण्याचा आपल्याला अधिकार आहे. पण त्या श्रद्धेने कोणाचा हक्क हिरावला, असे विचारले तर उत्तर 'कोणाचाही नाही' असेच येते.

आता रामनाथ कोविंद. २२ सप्टेंबर २०१७ रोजी ते दीक्षाभूमीवर आले आणि कामठीच्या ड्रॅगन पॅलेस परिसरातल्या विपश्यना केंद्राचे उद्घाटन त्यांनी केले. मार्च २०१८ मध्ये पुरीच्या जगन्नाथ मंदिरात राष्ट्रपती आणि त्यांच्या पत्नीला काही सेवकांनी अडवल्याच्या, धक्काबुक्की केल्याच्या बातम्या आल्या. जानेवारी २०२१ मध्ये त्यांनी अयोध्येच्या राम मंदिरासाठी ५,००,१०० रुपयांची देणगी दिली. आपण दीक्षाभूमीचा फोटो ठेवला, इतरांनी देणगीचा ठेवला. प्रत्येकाने आपापला राष्ट्रपती कापून घेतला.

खुर्चीमागचा बुद्ध आणि १९५० चा आदेश

राष्ट्रपती भवनाच्या दरबार हॉलमध्ये (२०२४ पासून 'गणतंत्र मंडप') राष्ट्रपतींच्या आसनामागे पाचव्या शतकातली गुप्तकालीन बुद्धमूर्ती उभी आहे, अभय मुद्रेत. राजमुद्रेवर सारनाथचे सिंह आहेत, झेंड्यावर अशोकचक्र आहे. आपल्याला याचा अभिमान वाटतो आणि वाटायलाच हवा.

पण दुसरी गोष्टही पाठ करून ठेवा. १० ऑगस्ट १९५० रोजी राष्ट्रपतींनी अनुसूचित जातींचा आदेश काढला. त्याच्या तिसऱ्या परिच्छेदात अट होती की हिंदू धर्माखेरीज अन्य धर्म मानणारी व्यक्ती अनुसूचित जातीची मानली जाणार नाही. १९५६ मध्ये त्यात शिखांचा समावेश झाला. त्याच वर्षी आपल्या आजोबा-पणजोबांनी दीक्षा घेतली आणि या अटीमुळे केंद्राच्या सवलतींतून ते बाहेर फेकले गेले. महाराष्ट्राने राज्यापुरत्या सवलती दिल्या. केंद्राच्या आदेशात 'बौद्ध' हा शब्द यायला १९९० उजाडले. ३४ वर्षे. मागे बुद्धमूर्ती आणि पुढे टेबलावर बौद्धांना वगळणारा आदेश.

ही होती लिहिलेली अट. ती कोणा एका राष्ट्रपतीच्या देवघरातून आली नव्हती. मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने, कायद्याच्या भाषेत आली होती. आणि प्रामाणिक राहायचे तर पुढचे वाक्यही लिहिले पाहिजे. ख्रिश्चन आणि मुस्लिम दलितांसाठी ती अट आजही कायम आहे. आपल्या समाजात यावर दोन मते आहेत, हे आम्हाला ठाऊक आहे. पण ज्या अटीने आपली एक पिढी भरडली, ती दुसऱ्याला लागू असताना आपण निदान तिचा अभ्यास तरी करू या.

दुसरी लिहिलेली अट बोधगयेची. १९४९ च्या कायद्याने महाबोधी महाविहाराच्या समितीत हिंदू आणि बौद्ध सदस्यांची संख्या समान ठेवली आणि अध्यक्षपद गयेच्या जिल्हाधिकाऱ्याकडे दिले. जिल्हाधिकारी हिंदू नसेल तर सरकारने त्या काळापुरता हिंदू अध्यक्ष नेमायचा, अशी तरतूद होती. ती २०१३ मध्ये दुरुस्त झाली. म्हणजे धर्मनिरपेक्ष देशात एका सरकारी अधिकाऱ्याचा धर्म कायद्याने तपासला जात होता, तोही बुद्धांच्या संबोधीच्या जागी! फेब्रुवारी २०२५ पासून तिथे सुरू झालेल्या भिक्खूंच्या आंदोलनाची मागणी वेगळी आहे. महाविहार बौद्धांचा, तेव्हा व्यवस्थापन बौद्धांचे. जिल्हाधिकारी बौद्धच हवा, असे कोणी म्हणत नाही. हा फरक आंदोलनात बोलताना स्पष्ट ठेवा.

पंढरपूर, चैत्यभूमी आणि एकच फूटपट्टी

आता दुसऱ्या प्रश्नाकडे. आषाढी एकादशीला मुख्यमंत्री पंढरपूरला शासकीय महापूजा करतात. साने गुरुजींनी मे १९४७ मध्ये उपोषण केल्यावर अस्पृश्यांना खुले झालेले हेच ते मंदिर. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला समाजवादी मंडळींनी सरकारी पूजेला विरोध केला. पूजा थांबली, मग १९७२ चा दुष्काळ पडला, लोकभावनेने दोन्हींची सांगड घातली आणि पूजा पुन्हा सुरू झाली. २०१८ मध्ये मराठा आरक्षण आंदोलनामुळे तत्कालीन मुख्यमंत्री पंढरपूरला जाऊ शकले नाहीत, त्यांनी घरी पूजा केली.

वारीला पाणी, शौचालये, दवाखाने, बंदोबस्त देणे हे सरकारचे कर्तव्य आहे. ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर येणाऱ्या लाखोंसाठी आपण तेच मागतो. मुख्यमंत्र्यांनी विठ्ठलभक्त म्हणून रांगेत जाऊन दर्शन घेतले तर आपल्याला त्यात काहीही आक्षेपार्ह वाटू नये. अडचण तेव्हा येते जेव्हा पूजा हे पदाचे काम ठरते. उद्या बौद्ध, मुस्लिम किंवा नास्तिक व्यक्ती मुख्यमंत्री झाली तर ती काय करणार? पूजा केली तर स्वतःशी खोटे, नाही केली तर 'विठ्ठलाचा अपमान'. पदाच्या कामांच्या यादीत एका धर्माचा विधी आला की त्या पदाला न लिहिलेली धार्मिक अट चिकटते.

हीच फूटपट्टी उलट बाजूनेही लावायची. उद्या आपला माणूस मुख्यमंत्री झाला तर त्याने घरी, विहारात खुशाल वंदना घ्यावी. पण शासकीय बुद्धपूजा सुरू करून पुढच्या मुख्यमंत्र्यावर ती बंधनकारक करू नये.

याचा आदर्श आपल्याच परंपरेत आहे. सम्राट अशोक बौद्ध उपासक होता. तो बोधगयेला गेला, लुंबिनीला गेला. पण बराबरच्या टेकड्यांतली लेणी त्याने आजीवकांना दान दिली, जे बौद्ध नव्हते. बाराव्या शिलालेखात त्याने लिहून ठेवले की स्वतःच्या पंथाची स्तुती आणि दुसऱ्याची निंदा करणारा माणूस आपल्याच पंथाचे नुकसान करतो.

दिल्लीपासून ग्रामपंचायतीपर्यंत

हे सगळे मोठ्या पदांचे झाले. पण अट सर्वांत जास्त बोचते ती गावात. कामानिमित्त आम्ही खेड्यांत फिरतो. एका गावात राखीव जागेवर निवडून आलेल्या बौद्ध महिला सरपंच होत्या. रस्त्याच्या कामाचे भूमिपूजन ठरले. त्यांना सांगण्यात आले, "ताई, तुमच्यात हे चालत नाही ना, मग नारळ उपसरपंच फोडतील. तुम्ही फोटोला या." वरवर हा त्यांच्या धम्माचा आदर होता. प्रत्यक्षात काम त्यांच्या सहीचे आणि मान दुसऱ्याचा. धर्माच्या आडून जात आपले काम करत होती.

ताई त्या दिवशी गप्प राहिल्या. पुढे शाळेच्या खोलीचे काम निघाले तेव्हा त्यांनी आधीच ग्रामसेवकांना कळवले की विधी होणार नाही. शाळेतल्या चार मुलींनी उद्देशिका वाचली आणि ताईंनी पहिली कुदळ मारली. ज्यांना नारळ फोडायचा होता त्यांनी नंतर फोडला, ताईंनी अडवले नाही. भांडण झाले नाही. पण सरपंचाची कुदळ सरपंचाच्याच हातात राहिली.

आता मागे बसलेल्या त्या मुलीच्या प्रश्नाचे उत्तर. राष्ट्रपती दीक्षाभूमीवर आले याचा आनंद वाटण्यात चूक नव्हती. ते कोणाला खाली ढकलून आले नव्हते, आणि पुढच्या राष्ट्रपतींनी यायलाच हवे असा नियमही त्या भेटीने केला नाही. चूक एवढीच की आपण तिथेच थांबलो. यापुढे कोणत्याही पदावरची व्यक्ती कोणत्याही धर्मस्थळी दिसली की तीन प्रश्न विचारू. हे ती व्यक्ती म्हणून करते आहे की पदाचे काम म्हणून? यामुळे कोणी माणूस कमी ठरतो किंवा बाहेर राहतो का? आणि हीच कृती दुसऱ्या धर्माची असती तर आपण हेच म्हटले असते का?

तिसरा प्रश्न आधी स्वतःला विचारायचा. त्याला टाळले तर पहिले दोन विचारण्याचा अधिकार आपल्याकडे उरत नाही.

जय भीम! नमो बुद्धाय!